डाव्या सीटचा हिशेब

विमान कंपनीचे व्यवस्थापन आणि वैमानिकांची संघटना यांच्यातल्या वाटाघाटी मुख्यतः तीन गोष्टींवर होतात : तास, सीट आणि विश्रांती. पगाराचा आकडा या तिन्हींतूनच निघतो. वर्तमानपत्रांत मात्र बातमी पगाराची येते, आणि लाखांत कमावणाऱ्यांनी संप कशाला करायचा, या प्रश्नापाशी चर्चा संपते. भारतातल्या गेल्या तीन दशकांतले मोठे तंटे नीट पाहिले, तर निव्वळ पगारवाढीसाठी झालेला संप शोधावा लागतो.

तासांपासून सुरुवात करावी लागते. वैमानिकाच्या वेतनात एक ठरावीक भाग असतो आणि एक उड्डाण भत्त्याचा. भत्ता उड्डाणाच्या तासांवर मिळतो आणि तास मोजायची रीत ठरलेली आहे : विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू, प्रवास संपवून जागेवर थांबले की बंद. मुंबई-दिल्ली-मुंबई अशी साधी फेरी घ्या. वैमानिक उड्डाणाच्या तासभर आधी हजर होतो, हवामान आणि इंधनाचे कागद पाहतो, विमानाभोवती फिरून तपासणी करतो. जाताना सव्वादोन तास, दिल्लीत पन्नास मिनिटे मुक्काम, येताना पुन्हा सव्वादोन तास, उतरल्यावर अर्धा तास. ड्यूटी झाली सहा तास पन्नास मिनिटांची, भत्त्याचे तास साडेचार. आता डिसेंबरातले धुके घ्या. दिल्लीत विमान तीन तास जागेवरच उभे राहिले, तर ड्यूटी पावणेदहा तासांच्या पुढे जाते, भत्त्याचे तास तेच साडेचार. धुके वैमानिकाने पाडलेले नाही, कंपनीनेही नाही. मग त्या तीन तासांचा खर्च कोणी सोसायचा? अर्ध्या वाटाघाटी या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या रूपांवर चालतात.

त्यावर संघटनांनी काढलेला तोडगा म्हणजे किमान तासांची हमी. महिन्यात उड्डाण कमी झाले, विमान दुरुस्तीला गेले, मार्ग बंद पडला, तरी ठरलेल्या तासांचा भत्ता मिळालाच पाहिजे. एअर इंडियात ही हमी ७० तासांची होती. कोविडच्या साथीत, २०२० साली, ती २० तासांवर आणली गेली. कंपनी टाटा समूहाकडे गेल्यानंतर २०२३ मध्ये नवा वेतनकरार आला आणि त्यात ४० तास ठरले. व्यवस्थापनाच्या मते २० चे ४० झाले म्हणजे वाढ झाली. वैमानिकांच्या मते ७० चे ४० झाले म्हणजे कपात. दोघांचेही गणित बरोबर होते. दीड हजारांवर वैमानिकांनी रतन टाटा यांना निवेदन पाठवले. त्यातली मुख्य तक्रार पैशांइतकीच पद्धतीची होती : संघटनांशी न बोलता करार एकेका वैमानिकासमोर सहीसाठी ठेवला जात होता.

दुसरी गोष्ट सीट. कॉकपिटमध्ये डावीकडे कमांडर बसतो, उजवीकडे सहवैमानिक. उजवीकडून डावीकडे जायला काही वर्षे लागतात आणि त्या बदलाने वेतन, अधिकार, बाजारातली किंमत सगळेच बदलते. तरुण वैमानिक गोंदिया किंवा बारामतीच्या अकादमीतून परवाना काढून बाहेर पडतो, तेव्हा पुष्कळदा कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. त्यात एका जातीचे विमान चालवायचा परवाना दुसऱ्या जातीला चालत नाही. बोइंग ७३७ वरच्या माणसाला एअरबस ए-३२० साठी वेगळे ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते आणि त्याचा खर्च वेगळा. कमांड कधी मिळणार हे ठरते सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून. कोणत्या तारखेला रुजू झालात, तुमच्या पुढे किती जण आहेत, त्यांतले किती निवृत्त होणार आणि नवी विमाने किती येणार, यावर सगळे बेतलेले असते. कंपनी बदलली की या यादीत पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. म्हणून वैमानिक पगारकपात एखाद्या वेळी सोसतो, यादीत कोणी मध्ये घुसलेले सोसत नाही. एअर इंडियाच्या इतिहासातला सगळ्यात कडवा संप याच यादीवरून झाला.

तिसरी गोष्ट विश्रांती. तिचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए ठरवते, त्यामुळे ती वरवर वाटाघाटीबाहेरची बाब दिसते. पण नियम सांगतो ती कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेच्या किती जवळ रोस्टर न्यायचे, हा कंपनीचा निर्णय. शिवाय अडचणीच्या वेळी ड्यूटीची मुदत थोडी वाढवण्याचा विवेकाधिकार कमांडरला असतो. चांगल्या संबंधांच्या काळात कमांडर तो सहज वापरतो आणि प्रवासी घरी पोचतात. संबंध बिघडले की तो नियमावर बोट ठेवतो. त्यात बेकायदा काही नसते, संपही नसतो. तरी दोन दिवसांत वेळापत्रक कोलमडते.

या तीन गोष्टींवर बोलणी करायला कायद्याने टेबल मांडले आहे, पण ते अधू आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार विमान वाहतूक ही सार्वजनिक उपयोगितेची सेवा. तिथे संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागे आणि नोटिशीनंतर किमान १४ दिवस थांबावे लागे. दरम्यान समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावी. बोलणी चालू असताना आणि ती संपल्यानंतर सात दिवस संप बेकायदा. म्हणजे समेटाची तारीख लागली की संघटनेचे हत्यार म्यान होई आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या की म्यानातच राही. व्यवस्थापनावरही बंधन होते : समेट चालू असताना सेवाशर्ती बदलायच्या नाहीत. पण कागदावर समान दिसणारी ही बंधने व्यवहारात समान नव्हती. ज्याला आहे ती स्थिती सोयीची, त्याला उशिराने काही बिघडत नाही.

याहून मोठी उणीव मान्यतेची. कोणती संघटना वैमानिकांच्या वतीने बोलणार, हे ठरवण्याची पद्धतच केंद्रीय कायद्यात नव्हती. संघटनेची नोंदणी १९२६ च्या कायद्याखाली होई, पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. मान्यता १९५८ च्या शिस्तसंहितेनुसार दिली जाई आणि ती संहिता ऐच्छिक होती. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा आहे. किमान ३० टक्के सदस्य असलेल्या संघटनेला न्यायालयामार्फत मान्यता मिळवून देणारा हा कायदा गिरणी-कारखान्यांच्या मुंबईत घडला. पण तो ज्या उद्योगांना राज्य सरकार ‘समुचित शासन’ आहे त्यांनाच लागू. हवाई वाहतुकीचे समुचित शासन केंद्र. त्यामुळे मुंबईच्या विमानतळाबाहेरच्या कारखान्यातल्या कामगाराला जे संरक्षण होते, ते विमानतळाच्या आतल्या वैमानिकाला नव्हते. व्यवस्थापनाने दिलेली मान्यता व्यवस्थापन काढूनही घेई, आणि तसे वारंवार झाले.

वैमानिक कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे का, हाही वाद जुनाच. कुशल, तांत्रिक काम करणारा तो कामगार, अशी एक बाजू. कमांडर विमानातल्या सगळ्यांचा प्रमुख असतो, म्हणजे तो पर्यवेक्षक, अशी दुसरी. पर्यवेक्षकाला ठरावीक पगाराच्या वर कामगार मानत नाहीत आणि ती पगारमर्यादा इतकी कमी, की कोणताही कमांडर ती पहिल्याच महिन्यात ओलांडील. सरकारी कंपन्यांनी यातून एक युक्ती काढली होती. ज्येष्ठ वैमानिकांना ‘एक्झिक्युटिव्ह’ करायचे. ते व्यवस्थापनाचे झाले की संघटनेबाहेर गेले आणि संपाच्या दिवसांत विमाने चालवायला हाताशी राहिले. सप्टेंबर २००९ मध्ये ही युक्ती अंगाशी आली. प्रोत्साहन भत्त्यात निम्म्यापर्यंत कपात जाहीर होताच एअर इंडियाचे एक्झिक्युटिव्ह वैमानिकच सामूहिक रजेवर गेले. चारपाच दिवसांत सरकारला नमते घ्यावे लागले.

१९९२-९३ चा संप मागच्या पिढीला आठवत असेल. देशांतर्गत उड्डाणे तेव्हा जवळपास सगळी इंडियन एअरलाइन्सकडे होती. खासगी कंपन्यांना ‘एअर टॅक्सी’ म्हणून नुकता शिरकाव मिळाला होता. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनचे, म्हणजे आयसीपीएचे वैमानिक संपावर गेले. नागरी विमान वाहतूक मंत्री होते माधवराव शिंदे. ते हटले नाहीत. विमाने चालू ठेवण्यासाठी परदेशांतून वैमानिकांसकट विमाने भाड्याने आणली गेली. त्यांतलेच उझबेकिस्तानचे एक तुपोलेव्ह-१५४ हैदराबादहून निघून ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. आतले सर्व १६५ जण वाचले, याला दैवच म्हणावे लागेल. शिंद्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

संप फसला, पण वैमानिकांना त्यातून जे हवे होते ते वेगळ्या वाटेने मिळाले. जेट एअरवेजने मे १९९३ मध्ये उड्डाणे सुरू केली, इतर कंपन्याही उतरल्या आणि त्यांना तयार कमांडर हवे होते. ते होते कुठे, तर इंडियन एअरलाइन्समध्ये. राजीनाम्यांची रांग लागली आणि गळती थांबवण्यासाठी सरकारी कंपनीला उत्पादकतेशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता द्यावा लागला. २००९ मध्ये ज्याच्यावर कात्री चालली, तो हाच भत्ता. टेबलावर नाकारलेली वाढ बाजाराने वर्षा-दोन वर्षांत दिली. हे पुढेही घडत राहिले.

मोठा तिढा पडला तो विलीनीकरणाने. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या २००७ मध्ये एक झाल्या. एकीचे मुख्यालय मुंबईत, नरिमन पॉइंटच्या त्या प्रसिद्ध इमारतीत, दुसरीचे दिल्लीत. एक परदेशी जाणारी, रुंद विमानांची. दुसरी देशातल्या देशात, ए-३२० ची. दोघींनी मिळून १११ विमाने मागवली होती, ६८ बोइंग आणि ४३ एअरबस. बोइंगमधली २७ ड्रीमलायनर म्हणजे ७८७ होती. विलीनीकरणाच्या कागदांत ताळेबंद एक झाले, चिन्ह एक झाले. माणसांच्या याद्या मात्र दोनच राहिल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची आयसीपीए. दोघींचे वेतनकरार वेगळे, तासांची मोजणी वेगळी, पदोन्नतीचा वेगही वेगळा.

आधी आयसीपीए उठली. एकाच कंपनीत, एकाच दर्जाच्या कामाला वेगळे वेतन का, हा तिचा प्रश्न होता. आपले उत्पन्न प्रत्यक्ष उडालेल्या तासांवर अवलंबून आणि गिल्डच्या वैमानिकांना हमी, ही तिची दुखरी नस. २६ एप्रिल २०११ च्या मध्यरात्रीपासून सुमारे ८०० वैमानिकांनी काम थांबवले. वेतनसमानतेबरोबर कंपनीच्या कारभाराची सीबीआय चौकशी करा, अशीही मागणी त्यांनी केली. कामगार संघटनेने मालकाच्या कारभाराची चौकशी मागावी, हे आपल्याकडे विरळाच. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, कार्यालयांना कुलूप ठोकले, पदाधिकाऱ्यांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयाने संप मागे घ्यायला सांगितले, वैमानिकांनी ऐकले नाही आणि अवमानाची कारवाई सुरू झाली. दहा दिवसांनी, ६ मे रोजी समझोता झाला : बडतर्फ वैमानिक कामावर, मान्यता परत, वेतनसमानतेचा प्रश्न समितीकडे. म्हणजे दहा दिवसांच्या संपातून वैमानिकांना संपाच्या आदल्या दिवशी जे होते ते परत मिळाले. त्यात भर पडली ती समितीची.

ही समिती न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. दोन कंपन्यांतली पदे एकमेकांशी कशी जुळवायची, वेतन आणि पदोन्नती कशी एका पातळीवर आणायची, याची चौकट त्यात होती. पण तोवर नवा वाद पेटलाच होता. ड्रीमलायनर येऊ घातले होते. व्यवस्थापनाचे म्हणणे, कंपनी आता एक आहे, तेव्हा प्रशिक्षणाला दोन्ही बाजूंचे वैमानिक समान संख्येने जातील. गिल्डचे म्हणणे, ही विमाने विलीनीकरणाआधी एअर इंडियासाठी मागवलेली आहेत. आमच्या सहवैमानिकांनी वर्षानुवर्षे उजव्या सीटवर काढली ती याच विमानांच्या भरवशावर. लांब पल्ल्याची विमाने मुळात कमी, त्यामुळे गिल्डमध्ये कमांडची वाट लांब होती. इंडियन एअरलाइन्समध्ये ए-३२० पुष्कळ, म्हणून तिथे कमांड लवकर मिळे. तिकडे लवकर कमांडर झालेला वैमानिक ड्रीमलायनरवर थेट डाव्या सीटवर येणार आणि इथला त्याच्याच वयाचा सहवैमानिक त्याच्या उजवीकडे बसणार, हे गिल्डला मान्य होणे शक्य नव्हते.

७ मे २०१२ च्या रात्री गिल्डचे वैमानिक एकामागून एक आजारी पडू लागले. संपाची नोटीस नव्हती, आजारपणाचे निरोप होते. दुसऱ्याच दिवशी मान्यता रद्द झाली, दहा जणांच्या सेवा संपवल्या गेल्या. ९ मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हे आंदोलन बेकायदा ठरवून मनाईहुकूम दिला. मंत्री अजित सिंह यांची भूमिका एकच होती : आधी विनाअट कामावर या, मग बोलू. एक वर्षापूर्वी दहा दिवसांत मिटले होते, या वेळी मिटले नाही. आयसीपीएचे वैमानिक, म्हणजे मागच्या वर्षीचे संपकरी, कामावर होते. एक्झिक्युटिव्ह वैमानिकही उडत होते. कंपनीने युरोप-अमेरिकेची उड्डाणे कमी करून तात्पुरते वेळापत्रक चालवले. घरात दोन संघटना असल्या की व्यवस्थापनाला बाहेरून माणसे आणावी लागत नाहीत. बडतर्फांची संख्या १०१ वर गेली. जूनअखेर काही वैमानिक दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. गणवेशातला कमांडर उपोषणाच्या मंडपात हे दृश्य नवीन होते, पण त्यानेही सरकार हलले नाही.

३ जुलै रोजी, ५८ व्या दिवशी, संप न्यायालयातच संपला. ४८ तासांत कामावर रुजू होण्याची हमी गिल्डने दिली, आणि बडतर्फांचा सहानुभूतीने विचार करू असे व्यवस्थापनाने सांगितले. ड्रीमलायनर सप्टेंबरात आले आणि दोन्ही बाजूंचे वैमानिक ते चालवू लागले. पुढच्या फेब्रुवारीत मुख्यालयही नरिमन पॉइंटहून दिल्लीला गेले. ती इमारत आता महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेतली आहे.

या प्रकरणात गिल्ड हट्टी होती, असे सरसकट म्हटले जाते. हट्ट होताच. पण दोन सेवाज्येष्ठता याद्या न जुळवता दोन कंपन्या जुळवणे, ही मूळ चूक २००७ ची होती. याद्या जुळवायचे काम विलीनीकरणाआधी करायचे असते. इथे ते पाच वर्षे पुढे ढकलले गेले आणि नवे विमान दारात उभे राहिल्यावर करावे लागले. त्याची किंमत कंपनीने ५८ दिवस मोजली.

खासगी कंपन्यांत गोष्ट याच्याही अलीकडे अडते : संघटना असूच नये, इथे. जेट एअरवेजमध्ये २००९ च्या मध्याला नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड उभी राहिली. त्याला एक पार्श्वभूमी होती. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने एका रात्रीत १,९०० कर्मचारी कमी केले होते. मुंबईत गणवेशातले तरुण-तरुणी रस्त्यावर आले, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने उडी घेतली आणि मालक नरेश गोयल यांनी दोन दिवसांत निर्णय फिरवला. वैमानिकांनी त्यातून धडा घेतला असावा. गिल्ड स्थापन झाल्यावर तिच्या दोन पदाधिकाऱ्यांना कंपनीने काढले. गिल्डने संपाची नोटीस दिली, प्रकरण मुंबईत केंद्रीय कामगार आयुक्तांपुढे समेटाला गेले. म्हणजे संप करता येणार नाही. ८ सप्टेंबर रोजी शेकडो वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. मुंबई उच्च न्यायालयाचा मनाईहुकूम होता, पण न्यायालय संप थांबवू शकते, ताप नाही. पाच दिवस हजारो प्रवासी खोळंबले. शेवटी काढलेले वैमानिक परत घेण्याचे आणि तक्रारींसाठी व्यवस्थापन-वैमानिकांचा सल्लागार गट नेमण्याचे ठरले.

याच गिल्डचे दुसरे रूप दहा वर्षांनी दिसले. २०१९ च्या सुरुवातीला जेट कर्जात बुडाली होती, वैमानिकांचे पगार जानेवारीपासून थकले होते. १ एप्रिलपासून पगार नाही तर उड्डाण नाही, असे गिल्डने ठरवले. ३१ मार्चला निर्णय १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. १४ एप्रिलला पुन्हा पुढे ढकलला. धनको बँका नवे पैसे घालतील, या आशेवर संघटना सदस्यांना बिनपगारी उडायला सांगत होती. १७ एप्रिलला कंपनीच थांबली. मालकाकडे देण्यासारखे काही उरलेले नसले की संघटनेची ताकद कशी शून्य होते, त्याचा हा नमुना. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जेट अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

आजारी रजेचे हत्यार व्यवस्थापनाला सगळ्यात जास्त चिडवते आणि त्याला उत्तरही सापडत नाही. अस्वस्थ वाटत असताना उडायचे नाही, हे वैमानिकाचे कर्तव्य आहे. त्याच्या निरोपावर शंका घेऊन त्याला कॉकपिटमध्ये बसवणारी कंपनी सुरक्षेचा पायाच उखडते. त्याच वेळी, तीनशे जणांना एकाच रात्री ताप येत नाही, हेही सगळ्यांना कळते. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीत हेच झाले. एअर इंडियात विलीन होण्याआधी वेतन एका साच्यात आणताना ७० तासांच्या हमीचे ४० तास झाले, वैमानिकांच्या आजारपणाचे निरोप वाढले आणि कंपनीला दिवसाची २५ ते ३० उड्डाणे, म्हणजे दहा टक्के क्षमता कमी करावी लागली. त्यानंतर महिन्याभरात एअर इंडिया एक्स्प्रेसचे दोनशेवर केबिन कर्मचारी असेच आजारी पडले. २५ जणांना काढले गेले, प्रकरण दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांकडे गेले आणि एका बैठकीत सेवासमाप्ती मागे, कर्मचारी कामावर असा समेट झाला. अधू टेबलसुद्धा दोन्ही पक्ष खरोखर त्याच्याभोवती बसले की चालते, असा याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

टेबलाबाहेरचा दुसरा मार्ग राजीनाम्याचा. तो रोखण्यासाठी डीजीसीएने २०१७ मध्ये कमांडरला बारा महिन्यांची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली. इतर नोकऱ्यांत सरकार सहसा एवढी नोटीस ठरवून देत नाही. संघटनांनी तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२३ मध्ये मुंबईच्या आकासा एअरमधून ४३ वैमानिक नोटिशीची मुदत न पाळता निघून गेले. कंपनीने काही जणांवर मुंबई उच्च न्यायालयात भरपाईचा दावा लावला आणि दिल्लीत डीजीसीएने कारवाई करावी अशी मागणी केली. डीजीसीएचे उत्तर होते की नोकरीच्या करारात हस्तक्षेपाचा अधिकार आपल्याला नाही. नोटिशीची मुदत लिहायचा अधिकार आहे आणि ती पाळली गेली की नाही हे पाहायचा नाही, ही भूमिका न कंपनीच्या उपयोगाची, न वैमानिकाच्या.

विश्रांतीचा प्रश्नही शेवटी न्यायालयातच गेला. वैमानिक संघटनांच्या याचिकांनंतर नवे नियम दोन टप्प्यांत लागू करायचे ठरले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली. रात्रीत मोडणाऱ्या ड्यूटीत पूर्वी सहा लँडिंग चालत, आता दोनच. दुसरा टप्पा लागू होऊन महिना होतो न होतो तोच इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली आणि मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर सामानाचे ढीग लागले. नियम जवळपास दोन वर्षे आधीच जाहीर झालेले होते. वैमानिकांची संख्या आणि रोस्टर त्यानुसार बदलले गेले नव्हते. डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरायची नाही, हे कलमही मागे घेतले गेले. न्यायालयात जिंकलेली विश्रांती देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीपुरती काही आठवडे स्थगित झाली. वैमानिक संघटनांनी निषेध केला. त्या कंपनीत मान्यताप्राप्त वैमानिक संघटना नाही. रोस्टर आखताना समोर बसून हे जमणार नाही, असे सांगणारे अधिकृत कोणी नव्हते.

त्याच सुमारास, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि १९४७ चा कायदा इतिहासजमा झाला. मान्यतेची उणीव तिने काही प्रमाणात भरली आहे. ५१ टक्के कामगार ज्या संघटनेत, ती एकमेव वाटाघाटी संघटना. तेवढे कोणाकडेच नसतील, तर किमान २० टक्के सदस्य असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद. मान्यता आता व्यवस्थापनाच्या मर्जीवर काढून घेण्याची वस्तू राहिलेली नाही, निदान कायद्यात तरी. १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लागू झाली. निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले, तर तोही संपच. आजारी रजेचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. पर्यवेक्षकाची पगारमर्यादा १८,००० रुपये ठेवली आहे, तेव्हा कमांडर कामगार की पर्यवेक्षक, हा वाद नव्या संहितेतही जसाच्या तसा आला आहे. तो पर्यवेक्षक ठरला तर ५१ टक्क्यांच्या मोजणीत त्याचे नाव येणार नाही, आणि वाटाघाटी संघटना उजव्या सीटवरच्यांचीच होईल.